साडेनऊ की साडेआठ

हल्ली गॅरेजात कोणीही येतं आणि टर्बो बसवायचाय म्हणतं. मोबाइल पुढे करतं, "मॅडम, कॉम्प्रेशन रेशो किती ठेवू? यात अमुक सांगितलंय." अरे, त्या सांगणाऱ्याने सोलापूरचा मे महिना पाहिलाय का? माझं डोकंच फिरतं. पण चिडून झालं की मला आबा आठवतात, आणि मग मी त्या गिऱ्हाइकाला चहा मागवते.

आबा म्हणजे माझे वडील. होटगी रोडवरचं हे गॅरेज त्यांचंच. तरुणपणी ते उजनीच्या काठाने डिझेल पंप दुरुस्त करत हिंडले. ओळीने पंप धडधडत असायचे, आणि आबा लांब उभं राहून सांगायचे, "त्यो पल्याडचा आजारी हाय." डिझेल इंजिनात दाब म्हणजे जीव. दाब गेला की इंजिन म्हातारं झालं, तो परत आणून दिला की आबांचं काम फत्ते. आयुष्यभर त्यांनी हेच केलं.

आणि मी, त्यांचीच लेक, म्हणाले की आपल्या जुन्या पेट्रोल गाडीला टर्बो लावू आणि इंजिनाचा दाब मुद्दाम कमी करू.

"येडी का खुळी तू? चांगल्या इंजिनाचा दाब कोन कमी करतंय व्हय?"

हिशेब सोपा होता. मूळ इंजिन साडेनऊ भांडी हवा-पेट्रोल एका भांड्यात दाबायचं. त्यात टर्बो आणखी हवा कोंबणार. आपली हवा आधीच तापलेली, पेट्रोल साधं. ते आतल्या आत अवेळी भडकलं की इंजिन खटखटतं आणि पिस्टनचं वाटोळं. म्हणून मला साडेआठ हवा होता, खोलगट माथ्याचे पिस्टन घालून. आबांना साडेनऊच.

"साडेआठवर टर्बो जागा हुईस्तवर गाडी म्हशीवानी चालंल," ते म्हणाले, आणि तेही खरंच होतं. "खटखट आली तर मी ऐकतो की. कान हायेत मला."

इथेच खरी अडचण होती. आबांचे कान जायला लागले होते. फोन वाजलेला कळायचा नाही, टीव्हीच्या आवाजावरून आई रोज भांडायची. चष्मा त्यांनी मान्य केला, गुडघे केले, साखरसुद्धा केली. कान नाही. साडेआठचा हट्ट धरणं म्हणजे तुमच्या कानांवर माझा भरवसा नाही, असं तोंडावर सांगणं. किती तरी दिवस आम्ही बापलेक तोंडं फिरवून जेवलो. शेवटी मीच नमले. म्हटलं, आहे त्या इंजिनाला टर्बो जोडू, टर्बोचा जोर थोडाच ठेवू, तुम्ही शेजारी बसून ऐका.

दुपारी वळसंगच्या रस्त्याला गाडी काढली. बाहेर नुसता जाळ. आबा धुतलेला सदरा घालून, मान पुढे करून बसलेले. चढावर मी पाय दाबला, टर्बोने शीळ घातली आणि गाडी अशी सुटली की मी "आईशप्पथ!" म्हणून ओरडलेच. पाठोपाठ खटखट सुरू झाली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी, अगदी स्वच्छ. मी आबांकडे पाहिलं. ते हसत होते.

"बघ, कसं गुळगुळीत चाललंय!"

मी पाय काढला. म्हणाले, "ऊन फार आहे, परत जाऊ."

इंजिन निवल्यावर आबांनी स्वतः प्लग काढले आणि उजेडात धरले. पांढऱ्या भागावर मिरपूड उडाल्यासारखे बारीक ठिपके होते. ती भडक्याची खूण मला त्यांनीच शिकवली होती. एकेक प्लग ते पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिले.

"चढावर पाय का काढलास?"

"उगाच."

"तुला ऐकू आलं हुतं."

"व्हय, आबा."

"लई जोरात हुतं?"

मी मान डोलावली. त्यांनी प्लग फडक्यावर ठेवले, हात पुसले. "खोलगट पिस्टन मागव. साडेआठच बरं."

मग जे दिवस गेले ते! मी बल्ब धरायची, आबा रिंगा बसवायचे. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या टोपणाच्या, खळग्यात किती मावतं ते मोजायला मी सिरिंजने रॉकेल सोडायची, तर म्हणायचे, "डॉक्टरीन बाई, सुई कुटं टोचनार?" तसली एक दुपार परत मिळाली तर हे सगळं गॅरेज देऊन टाकीन, खरं सांगते.

गाडी तयार झाली त्या दिवशी आबा शेजारी बसले, पट्टा लावला.

"आता ऐकायचं काम तुझं, पोरी. मी आपला बसतो नुसता."

मी चावी फिरवली आणि मला रडूच फुटलं, असं की दुसरं काही ऐकू येईना. आबांनी डॅशबोर्डवर तळवा टेकवला, थरथर हाताला लागेपर्यंत तसाच ठेवला आणि मला म्हणाले, "चालू झालं बघ."