बॉल तिच्याकडं आलाच नाही

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात एकदाही फुटबॉलला लाथ मारलेली नाही. शाळेत तो कबड्डीच्या संघात राखीव खेळाडू होता आणि शेवटपर्यंत राखीवच राहिला. पण विलायतेच्या लीगमध्ये कोणत्या संघाचा बचाव करणारा कोणता बॅक कोणत्या पायानं कच्चा आहे, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. मालेगावात, म्हणजे नाशिककडच्या नव्हे, आमच्या वाशीमच्या मालेगावात, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारी त्याच्या मित्राचं हार्डवेअरचं दुकान. नवरा लाल जर्सीवाल्यांचा, मित्र आसमानी जर्सीवाल्यांचा. या दोघांनी मिळून माझे कित्येक रविवार नासवले आहेत.

संध्याकाळची मॅच असली की मित्र आमच्या बैठकीत हजर. आधी "भाभी, चाय," मग चप्पल काढणं. गोल करणाऱ्यांबद्दल त्यांच्यात वाद होत नाही. गोल काय, कोणीही पाहतो. बचाव पाहायला नजर लागते, आणि ती नजर अख्ख्या तालुक्यात फक्त आपल्या दोघांकडं आहे, अशी त्यांची पक्की समजूत.

"पाह्यलं का? कसा सरपटत जाऊन बॉल काढला आमच्यानं!" नवरा ओरडतो.

"अरे छोड यार, तुमचा तं दर मॅचले सरपटते. आमचा पाह्य, दोघं अंगावर आले तरी हलत नाई."

मग मोबाइल निघतात. कोणी किती बॉल अडवले, कोणी किती डोक्यानं उडवले, यावर तासभर काथ्याकूट चालतो. ते खेळाडू तिकडं आंघोळ करून घरी गेलेले असतात. इकडं आमच्या बैठकीत त्यांच्या उंचीवरून दोन संसारी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात असतात.

आमची मुलगी खाली सतरंजीवर बसून हे सगळं बघत मोठी झाली. आता नववीत आहे आणि शाळेच्या संघात उजवीकडची बॅक म्हणून खेळते. एकदा ती हळूच म्हणाली होती, "पप्पा, बॉलकडं काहून पाहता? बॉल ज्याले पाह्यजे, त्याच्याकडं पाहा ना."

"तू अभ्यास कर," तज्ज्ञ म्हणाले.

ऑगस्टमध्ये तालुक्याचा मुलींचा संघ निवडायचं ठरलं. चार शाळांच्या मिळून जेमतेम दोन संघ होतील एवढ्या मुली. त्यातल्या निवडलेल्या वाशीमला जिल्ह्याच्या सामन्यांना जाणार होत्या. शाळा उघडल्यापासून मुलीचं एकच चाललं होतं, "मम्मी, नंबर लागला तं मले जाऊ देशीन ना?" तिला संघात जायचं होतं. आणि त्याहून जास्त, बापानं तिचा खेळ एकदा नीट बघावा, असं तिला वाटत होतं. त्यानं तोपर्यंत एकदाही बघितला नव्हता. रविवारी त्याला वेळ कुठून मिळणार?

खेळाचे सर मूळचे खो-खोचे. फुटबॉलमधलं आपल्याला फारसं कळत नाही, हे त्यांनी सरळ कबूल केलं, तेवढा एक शहाणा माणूस. पण मग त्यांनी निवडीसाठी बोलावलं कोणाला, तर या दोघांना. त्या दिवशी दोघं आपापल्या संघाच्या जर्सीला इस्त्री करून, त्या पोटावर ताणून मैदानावर आले. मंडपवाल्याच्या खुर्च्या टाकल्या होत्या. बसण्याचा थाट असा, की विलायतेहून खास विमानानं आले आहेत.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले होते. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. फुटबॉल मला कळतो असं मी म्हणणार नाही. पण गावात गोवर आला नाही, तर नर्सनं काही काम केलं असं कोणी म्हणत नाही, हे मला फार वर्षांपासून ठाऊक आहे.

जमलेल्या मुलींचे दोन संघ पाडून मॅच लावली. समोरच्या संघात मेडशी गावची एक मुलगी होती, पाठीवर नऊ नंबर. काटक, वाऱ्यासारखी पळणारी. पहिल्या अर्ध्या खेळात ती मैदानाच्या आमच्या मुलीकडच्या बाजूनं खेळत होती. आमची मुलगी तिला चिकटून नव्हती, धक्काबुक्की करत नव्हती. ती फक्त बॉल जिथं येऊन पडेल तिथं आधीच जाऊन उभी राहायची. मागून बॉल देणारी मुलगी मान वर करायची, नऊ नंबरकडं बघायची, शेजारी आमची दिसायची, की बॉल दुसरीकडं द्यायची. पुन्हा तेच. पुन्हा तेच. नऊ नंबर कमरेवर हात ठेवून आपल्याच मुलींवर ओरडायला लागली.

मी तज्ज्ञांकडं बघितलं. ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बघत होते, कारण बॉल तिकडं होता.

मध्यंतरानंतर नऊ नंबरनं बाजू बदलली. तिकडं किन्हीराजा गावची एक मुलगी बॅक होती. बिचारीनं जिवाचं रान केलं. आदल्या दिवशीच्या पावसानं काळी माती चिकट झाली होती. ती लोळली, घसरली, एक वेणी सुटली, अंगावर पांढरा धागा दिसेना. नऊ नंबर तिला ओलांडून दोनदा गेली आणि दोन गोल झाले. त्या पोरीला मी नावं ठेवत नाही. ती होती त्या ताकदीनं खेळली.

पण खुर्च्यांवरचे दोघं उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"काय लढून राह्यली पोरगी! सेम टु सेम आमचा डावा बॅक!"

"तुमचा कायले? आमचा म्हण!"

जिच्या बाजूनं दोन्ही गोल झाले, ती आपल्या लाडक्या खेळाडूसारखी दिसते म्हणून दोन मोठी माणसं भांडत होती. दुसरी बॅक त्यांनी उंच आहे म्हणून घेतली. सरांनी नावं वाचली. आमच्या मुलीचं नाव आलं नाही. तिनं जर्सी झटकली. झटकण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला धारेवर धरलं.

"बॉल तं तिच्याकडं आलाच नाई," तो म्हणाला. "मंग मी काय पाहू?"

"काहून नाई आला, हे इचारलं का सोताले?"

"नशीब असते एखाद्याचं. तुले नाई समजत त्यातलं."

पुढं नातेवाइकांना त्यानं वेगळंच सांगितलं. म्हणे, बापानं पोरगी घुसवली असं लोकांनी म्हणू नये, म्हणून त्यानं काळजावर दगड ठेवला. कसला दगड आणि कसलं काळीज! त्याला ती दिसलीच नव्हती. हे मला कळत होतं आणि मुलीलाही कळत होतं. त्या दिवशी ती ताटावरून न जेवता उठली, तेव्हा मला त्याची मनापासून चीड आली.

संघ निघायच्या सकाळी आम्ही तिघं बसस्टँडवर गेलो. तज्ज्ञ जर्सी घालून शुभेच्छा द्यायला. मुलगी, किन्हीराजाच्या पोरीला आपले शिनगार्ड द्यायला, कारण तिच्याकडं नव्हते. तिनं ते स्वतःच्या हातानं तिच्या नडग्यांवर बांधून दाखवले. मी दुसरीकडं बघत राहिले.

तेवढ्यात मेडशीकडून एसटी आली आणि नऊ नंबर पिशवी घेऊन उतरली. तिनं सगळ्या मुलींवरून नजर फिरवली आणि आमच्या मुलीपाशी येऊन थांबली.

"तुही बॅग कुठं हाय?"

"माहा नंबर नाई लागला."

तिला आधी ती थट्टा वाटली. ती हसली. मग तिनं सरांकडं बघितलं, आणि सरांनी लाल जर्सीकडं.

"काका," ती नवऱ्याला म्हणाली, "अर्धी मॅच मले हिच्यामुळं बॉल भेटला नाई. म्हून तं मी बाजू बदलली. तुमी पाह्यलं नाई का?"

नवऱ्यानं घसा खाकरला. वाशीमची गाडी लागली आहे, जागा धरा, असं काहीतरी तो बोलला आणि खिशातून मोबाइल काढून त्यात बघायला लागला. त्यात आकडे असतील बहुतेक.

आमची मुलगी बापाकडं बघतही नव्हती. ती नऊ नंबरला विचारत होती, "पुढच्या वर्षी कोणत्या बाजूनं खेळशीन?"

नऊ नंबरनं पिशवी खांद्यावर चढवली, गाडीच्या पायरीवर पाय ठेवला.

"तू जिकडं नसशीन, तिकडून."