सासूबाईंच्या चहावरचा आरोप

सासूबाईंच्या चहाने मला पित्त उठतं, असं मी तीन वर्षं छातीठोकपणे सांगत होतो.

पुरावा पक्का होता. बायकोबरोबर, म्हणजे सुजाताबरोबर, वाशीमहून इंझोरीच्या सासुरवाडीला गेलो की दुपारी बाराला मटणाचं जेवण, मग झोप, चारला सासूबाईंचा चहा आणि पाचच्या आत अंगभर लाल गांध्या. मटण माझं लाडकं आणि मिळायचं ते तिथेच, त्याच्यावर संशय घेणं शक्यच नव्हतं. शिवाय ते चार तासांपूर्वी पोटात गेलेलं. त्या वेळी घटनास्थळी हजर होता तो चहाच!

सासूबाईंनी बिचाऱ्यांनी पत्ती बदलली. साखरेऐवजी गूळ घातला. गाळणी नवी आणली. शेवटी शेजारणीच्या म्हशीचं दूध बंद करून दुसरीकडचं लावलं (शेजारीण दोन महिने बोलत नव्हती). गांध्या काही थांबेनात. मग मेहुण्याच्या मुलीच्या वाढदिवसाला मी सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं, की आज चहाचा थेंबही घेणार नाही, अंगावर एक तरी गांधी उठते का ते बघा. सासूबाई वाढत राहिल्या. मीही विजयाच्या खात्रीने तीनदा मटण मागून घेतलं.

साडेचारला तळहात खाजायला लागले. पावणेपाचला ओठ इतके सुजले की मला माझं नावही नीट सांगता येईना. घसा आवळला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंनी माझ्या ओठांकडे बघितलं.

"जवाईबुवा," त्या म्हणाल्या, "चा तं तुमी घेतलाच नाही."

आणि मोटारसायकल काढा म्हणून सगळ्यात आधी त्याच ओरडल्या. पुढे मेहुणा, मागे सुजाता, मधे मी. मंगरूळपीरच्या दवाखान्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत सुजाता माझ्या हावरेपणावर बोलत होती. मग तिचं बोलणं थांबलं आणि तिने मला मागून घट्ट धरलं. तेव्हा मात्र मी खरा घाबरलो.

इंजेक्शनने तासाभरात घसा मोकळा झाला. डॉक्टरांनी दिवसभरात काय काय खाल्लं ते विचारलं आणि मग विचारलं, कधी गोचीड चावला होता का? मला वाटलं, गंमत करताहेत. पण आमच्या घरामागे दोन बकऱ्या आहेत आणि त्यांच्या अंगावरचे गोचीड मी हाताने काढतो. चार-पाचदा मलाच चिकटले होते. डॉक्टर म्हणाले, असा चावा बसला की काहींच्या शरीराला बकऱ्याचं मटण शत्रू वाटायला लागतं, आणि त्रास होतो तो तीन ते सहा तासांनी. कोंबडी, मासे चालतील. दुधाचा त्रास काहींना होतो, पण तुमचा रोजचा चहा घरी सुखाने पचतो, म्हणजे तो निर्दोष.

पुढच्या रविवारी इंझोरीत फेरसुनावणी झाली. कोंबडीचं जेवण झालं. चारला सासूबाईंनी जुन्याच म्हशीच्या दुधाचा चहा माझ्या हातात दिला आणि गल्लीतली वीसेक माणसं माझ्या अंगाकडे टक लावून बसली. पाच वाजले, साडेपाच वाजले, सहा वाजले. एक पुळी नाही. शेजारणीने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी पदर नीट केला.

"आता सांगा, माह्या चात काय व्हतं?"

मी उठलो, सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, "आई, चात काहीच नव्हतं."

रक्ततपासणीचा निकालही डॉक्टर म्हणाले होते तसाच आला. बकऱ्याचं मटण कायमचं बंद. सुजाताने तो कागद आल्यागेल्याला दाखवला. लांबलांबचे नातेवाईक मला बघायला आले. असा आजार त्यांच्यापैकी कुणी ऐकलाच नव्हता. मी खुर्चीत ताठ बसून सगळ्यांना समजावून सांगत होतो. दोनदा दहावी नापास झालेला माणूस मी, आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या तरी परीक्षेत पहिल्या झटक्यात पॉझिटिव्ह आलो होतो!