दोन देशांचा जावई

लक्झेंबर्ग हा देश माझ्या नोकरीभर माझ्या बोटाखाली राहिला. वर्गातल्या नकाशावर मी जर्मनी दाखवायचो, फ्रान्स, बेल्जियम दाखवायचो आणि तिघांच्या मधोमध बोट टेकवून म्हणायचो, "असे हे श्रीमंत शेजारी." त्या बोटाखाली एक आख्खा देश दबलाय, हे मला ठाऊक नव्हतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. (बायकोला तर मुळीच नाही. लग्नानंतर पहिल्या देवदर्शनाला मी तिला भलत्याच एसटीत बसवलं होतं, तेव्हापासून माझ्या भूगोलावर तिचा तसाही विश्वास नाही.)

माझा मोठा भाऊ, दादा, पाटणबोरीजवळ पैनगंगेच्या काठी कापूस पिकवतो. त्याची मुलगी मृणाल यवतमाळला माझ्याकडे राहून शिकली. तिला महागावचं स्थळ आलं, मुलगा निखिल, संगणकवाला, परदेशात. पहिल्या वेळी ती त्याच्याशी सगळ्यांसमोर बोलली, पुढच्या वेळी फोन घेऊन गच्चीवर गेली. आम्ही काय ते समजलो. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवसही ठरत आला होता.

आणि दादाचा फोन आला.

"मास्तर, पोरगा सांगून राह्यला, नोकरी लक्झेंबर्गात अन् राह्यते जर्मनीत. असं राह्यते का कुठं?"

आमच्याकडे मुलाची चौकशी पानठेल्यावर होते. महागावच्या पानठेल्यानं निखिलला निर्दोष सोडलं होतं. पण जर्मनीत पानठेला नाही, म्हणून ते काम भूगोलाच्या मास्तरांकडे आलं. आता सरळ माणूस म्हणाला असता, ‘पाहून सांगतो.’ मी म्हणालो, "शक्यच नाही."

माझ्या डोक्यात सीमा म्हणजे काटेरी तार, बंदूक आणि मिशीवाला जवान. "रोज सीमा ओलांडली तर ठप्पे मारून मारून पासपोर्टची पानं महिन्यात संपतील. एक तर पोरगा खोटं बोलतो, नाहीतर त्याची दोन घरं आहेत."

‘दोन घरं’ मी आपलं ओघात बोललो. पलीकडे वहिनी मटकन खाली बसल्याचा आवाज आला.

रविवारी मी पाटणबोरीला. ओसरीवर फोन स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला आणि निखिलची उलटतपासणी सुरू झाली.

"काका, लक्झेंबर्गात बँकाच बँका, पगार चांगले, पण घरभाडं परवडत नाही," तो बिचारा शांतपणे सांगत होता. "म्हणून सकाळी आजूबाजूच्या तिन्ही देशांतून माणसं कामाला येतात आणि संध्याकाळी आपापल्या देशात झोपायला जातात. पेट्रोल मात्र सगळे तिकडूनच भरतात, स्वस्त पडतं. लोक कॉफी आणतात, तंबाखू आणतात..."

"तंबाखू?" वहिनी.

"मी नाही, लोक."

"सीमेपलीकडून माल आनते," दादा माझ्या कानात म्हणाला. "हे तं स्मगलिंग झालं बे."

मी पासपोर्ट मागितला. निखिलनं एकेक पान उलटून दाखवलं. ठप्पा एकच, तोही पहिल्यांदा उतरला तेव्हाचा. मी गंभीरपणे मान हलवली. "बघ दादा. म्हणजे रोज चोरून जातो."

मृणाल दाराशी उभी होती. तिचा उतरलेला चेहरा मला दिसला. पण मास्तर एकदा बोलला की बोलला. मी फर्मान काढलं: उद्या ऑफिसला जाताना सीमा आम्हाला प्रत्यक्ष दाखवावी.

दुसऱ्या दिवशी आमच्या भर दुपारी त्याची सकाळ उजाडली. फोनच्या पडद्यावर बस निघाली. द्राक्षाचे मळे आले, नदी आली, पूल आला. आम्ही श्वास रोखून तार आणि जवान शोधतोय.

"आली आणि गेली, काका."

"काय?"

"बॉर्डर. तो निळा फलक गेला ना, तीच."

"आपल्या पुलापाशी तरी नाक्यावर गाडी थांबवते," दादा म्हणाला. "या श्रीमंतायले कोनी पुसतच नाई?"

मी जाहीर केलं, "नेटवर्कमध्ये मधला भाग कापला गेला असणार. परत दाखवायला लावा."

तो उतरला, चालत मागे गेला, पुन्हा पूल ओलांडला. मग मी वेगळ्या बाजूनं बघायचं म्हणालो. तो बिचारा गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घालून दोन देशांच्या मधे येरझारा घालत होता, आणि तिकडे त्याची पुढची बस गेली.

तेव्हा मृणाल पुढे आली.

"बाबा, तुमी कापूस कुठं विकता?"

"आदिलाबादले. तिकडं भाव बरा भेटते."

"म्हंजे नदीपार, दुसऱ्या राज्यात. अन् झोपाले?"

"घरीच येतो ना."

"मंग तुमची दोन घरं हायेत का?"

वहिनींनी दादाकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं.

संध्याकाळी महागावहून निखिलच्या वडिलांचा फोन आला. "साक्षगंध राहू द्या आता. आमच्या पोराले पुलावर ढोरासारखं हिंडवलं तुमी." मृणाल त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

दादा महागावला गेला. मी सोबत होतो. दादानं हात जोडले, म्हणाला, "संशय माह्याच डोक्यात होता. मास्तरचा काई दोष नाई, त्यानं तं खात्री कराले लावली." मी तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला. मी चहा प्यायलो.

लग्न झालं. मंडपात ‘चौकशी पक्की करणारे काका’ म्हणून मला शेला-टोपी मिळाली. मृणालनं वाकून नमस्कार केला. "काका, तुमी ते पुलाचं काढलं म्हनून बाबायले पटलं." मी टोपी नीट केली.

आता ती त्याच पुलाखालच्या मोझेल नदीकाठी राहते. फोनवर म्हणते, "या ना काका. तुमाले तं सगळंच माईत हाय, तुमीच आमाले फिरवा." (हे मासिक तिकडे पोचत नाही, याची मी लिहिण्याआधी चौकशी करून ठेवली आहे.)

वर्गात मी अजूनही तोच नकाशा लावतो, फक्त बोट जरा बाजूला टेकवतो. ती ‘दोन घरं’ माझ्याच तोंडची होती, हे मृणालला सांगायचं अजून बाकी आहे.