आई अडकते तेव्हा

व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता आई मधेच अडकते. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, कपाळाकडे निघालेला हात वाटेतच थांबलेला. फोन जुना झालाय, एवढंच कारण आहे, हे मला कळतं. पण तिला दमा आहे. ती पुन्हा हलेपर्यंत इकडे माझा श्वास अडकतो.

सातवीतच शाळा सुटली, तेव्हा गावच्या दादांनी मला इथे तमिळ मुलखात त्यांच्या गलाईच्या दुकानात आणलं. सोनं गाळायचं, तेजाबाच्या धुरात उभं राहायचं. त्यांच्यामुळे घर उभं राहिलं. हा फोनही त्यांनीच दिलेला. "चालतोय न्हवं? मग नवा कशाला?" दादा म्हणतात. तेही खरंच वाटतं. दूर राहणाऱ्याला आपलं माणूस असं तुकड्यातुकड्यांनीच भेटतं, आणि मधल्या जागा भीती भरून काढते. ती भीती काय नव्या फोनने जाणार?

काल आई पुन्हा अडकली. हलली तसा मी चिडूनच म्हणालो, "अशी थांबत जाऊ नकोस गं, जीव जातो माझा."

"मी कुठं थांबती? तूच थांबतोस की! मान वाकडी, डोळं मिटल्यालं. मला वाटतंय, धुरानं पडलं पोरगं. रोजच वाटतंय. तुला कशाला घोर, म्हनून बोलत न्हाई."

आज फोनच्या दुकानात मी कॅमेऱ्याचं काही विचारलं नाही. बोलताना माणूस थांबत नाही ना, एवढंच विचारलं.