घरून आणलेली फाइल

"काऊन, मोजण्यातही तुमच्या लोकांले सवलत पाहिजे काय?"

सर हे माइकवर बोलले. गडचिरोलीतल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये, सगळ्यांसमोर. आधी पुढची रांग हसली, मग मागची. माझ्या शेजारची मैत्रीणही हसली. तिचं हसणं मला जास्त लागलं.

स्पर्धा कोड गोल्फची होती. खरा गोल्फ मी कधी पाहिलेला नाही. कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकात घालायचा म्हणे. इथे कमीत कमी अक्षरांत प्रोग्राम लिहायचा. ज्याचा सगळ्यात छोटा, तो पहिला. पहिल्याला नागपूरच्या एका कंपनीत प्रशिक्षण, राहण्याजेवणासकट. जागा एकच. माझं शेवटचं वर्ष. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "औंदा काही झालं नाई तं मामानं पाहिलेल्या पोराले हो म्हणून टाकू." माझं सगळं त्या एका जागेवर अडकलं होतं.

काम असं होतं. शंभरच्या आतला आकडा दिला की प्रोग्रामने तो मराठीत अक्षरी लिहायचा. मराठीचे आकडे मोठे वाकडे, एका नियमात बसत नाहीत. धानोऱ्याकडच्या आमच्या गावात नेट टिकत नाही, म्हणून मला सगळं स्वतःच लिहायची सवय. सत्तावन्न, अठ्ठावन्न, यातलं 'वन्न' मी एकदाच लिहिलं आणि परत परत वापरलं. नावं एका अक्षराची केली. तांदळातले खडे निवडावेत तसं एकेक अक्षर वेचून बाहेर काढलं.

जिंकलेल्या मुलाचा प्रोग्राम एका ओळीचा. त्याने पेनड्राइव्हमध्ये दुसरी एक फाइल आणली होती. पुण्यात नोकरीला असलेल्या त्याच्या भावाने लिहिलेली. सगळे आकडे तिच्यात तयार. याची ओळ तिला फक्त हाक मारत होती. सरांनी ती ओळ भिंतीवरच्या पडद्यावर दाखवून मोजली आणि त्याचं नाव पुकारलं.

मी उठले. "सर, ते दुसरी फाइल काऊन नाई मोजली? तिच्याशिवाय याचा प्रोग्राम चालते काय?"

"घरून आणलेली फाइल मोजत नाई."

"मंग मी घरून काय आणू, सर?"

त्यावर आलं ते सवलतीचं वाक्य. तुमचे लोक म्हणजे कोण, हे कोणाला सांगावं लागलं नाही. हजेरीत आडनाव वाचलं की सगळ्यांना कळतं. अंगाची आग झाली. त्याचा भाऊ मोजायचा नाही. भावाच्या आधीचे साहेब झालेले बाप-आजे मोजायचे नाहीत. माझी शिष्यवृत्ती मात्र रोज मोजतात.

मग सरांनी मलाच पुढे बोलावलं. हातात प्लास्टिकचा एक चषक. "घे, तुलेही उत्तेजनार्थ. खुश?"

माझा हात पुढे गेला होता. सवयीने. तो मी मागे घेतला.

"नाई पाहिजे, सर. दोन्ही फाइली मोजा."

त्यांनी पडदाच बंद केला. "खाली बस. प्रॅक्टिकलचे मार्क माझ्याच हातात आहेत."

मी बसले नाही. लॅब रिकामी होईपर्यंत उभी राहिले.

धानोऱ्याच्या एस.टी.त ओढणी तोंडात कोंबून रडले. चषक घेतला असता तर निदान मार्क वाचले असते, असंही वाटलं. घरी पोचले तर मामाचा फोन येऊन गेलेला. बाबा नजर टाळत होते. सगळं ऐकून आई म्हणाली, "तुले गप बसाले काय झालं होतं वो?" जेवण गेलं नाही.

जागा गेली. मार्कही जातील. ते परत मिळवून देणारं माझं कोणी नाही, पुण्यात नाही आणि इथेही नाही. पण मामाला मी स्वतः फोन करून नाही म्हटलं. आणि प्राचार्यांना तोंडावर सांगून आले, की प्रोग्राम चालायला जे जे लागतं ते सगळं मोजा, कोणाच्याही भावाने लिहिलेलं असो. ते मोजलं जाईपर्यंत त्या लॅबमधल्या प्रत्येक स्पर्धेत मी उठून हेच विचारणार आहे. बाहेर काढलं तर दारातून विचारीन.