आम्ही गाडीने, सासूबाई बसने: चाकणचं जुनं शोरूम

नवी गाडी दारात येऊन आठवडा झाला, तरी सासूबाई तीत बसायला तयार नव्हत्या. लग्नानंतर अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चाकणच्या मोटार शोरूमसमोर सायकल उभी करून त्यांना शब्द दिला होता, "तुला इथल्याच गाडीत बसवीन." पुढे शोरूम बंद पडलं, अप्पा कंपनीतून रिटायर झाले आणि गाडी घेतली ती माझ्या नवऱ्याने, सचिनने. "त्या दारातून गाडी बाहेर काढा, मग बसते," सासूबाई म्हणाल्या. आता बोला!

रविवारी सकाळी मोशीहून निघालो. आम्ही गाडीने, सासूबाई बसने. तुम्हीही जाणार असाल तर रविवारच गाठा. एरवी कारखान्यांची शिफ्ट सुटली की नाशिक रस्त्यावर गाड्या अडकतात आणि पायी जाणारे पुढे निघतात. वाटेत मिसळ खाल्ली (शंभर रुपये, तर्री जपून). पोचलो तर सासूबाई आधीच हजर.

"आलात? मला वाटलं, वाटेत मुक्काम केलात."

इमारत मात्र खरंच देखणी. गोल वळणाची काचेची दर्शनी बाजू, वर रुंद छज्जा, आत मोझॅकची फरशी. आता तिथे गाद्यांचं दुकान आहे. विचारायला सचिन लाजत होता, म्हणून शेवटी अप्पाच पुढे झाले.

"मालक, पाच मिनिटं गाडी आत घेऊ का? हिला बसवायचंय."

मालक गावातलेच. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "आन् न्हाई म्हणलो तर?"

"तर मी परत बसने जाईन," सासूबाई म्हणाल्या.

मालक खो खो हसले. "आवो, न्हाई कशाला म्हणतोय! आणा आत." मग त्यांनी स्वतः गाद्या सरकवायला घेतल्या.

दारापुढचा उतार अजून शाबूत आहे. सचिनने आरसे मिटून, घाम पुसत गाडी आत घेतली. अप्पांनी मागचं दार उघडून धरलं. सासूबाई पदर सावरून बसल्या, अप्पा पुढे बसले आणि गाडी हळूहळू रिव्हर्समध्ये बाहेर आली. अप्पांचे डोळे भरले होते. मीही रडले, काय करणार!

घरी आल्यावर मी विचारलं, "आई, एवढा हट्ट कशाला धरलात?"

"मला काय, बससुद्धा चालते," त्या मेथी निवडत म्हणाल्या. "पण गाडी लेकाने घेतली ना. आठवडाभर हे पाहुण्यासारखे लांबूनच बघत होते, हात म्हणून लावला नाही."

गाडीत राहिलेली पिशवी आणायला मी खाली गेले. अप्पा बॉनेटवर हात ठेवून शेजाऱ्यांना सांगत होते, "हिच्यासाठी घेतली. चाकणच्या शोरूममधून."