पांढऱ्या बंपरचा तुटलेला कोपरा

मोठे दीर आणि जाऊबाई लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेले, तेव्हा त्यांची छोटी पांढरी गाडी आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत लावून गेले. वारज्याला त्यांच्याकडचं पार्किंग खणून ठेवलं होतं. आमचे हे हात अर्धा पुढे करून उभे होते, तरी जाऊबाईंनी किल्ली माझ्या हातात दिली.

"चार दिवसांनी एकदा भाऊजींकडून सुरू करून घे. जागेवरच. बाहेर काढायची नाही. जबाबदारी तुझी."

मी मान हलवली. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण मी मान हलवली म्हणजे शब्द दिला, हे जाऊबाईंना ठाऊक आहे. किल्ली मी त्यांच्यादेखतच स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवली.

आठवडाही गेला नाही. मी फॉल लावलेल्या साड्या पोचवायला गेले होते. यांनी डब्यातली किल्ली काढली आणि मित्रांना मिसळ खायला घेऊन गेले. मिसळ चालत दहा मिनिटांवर मिळते. पण चालत गेल्यावर ऐट कोणाला दाखवणार?

"कट्टा मध्येच आला," परत आल्यावर हे म्हणाले.

सोसायटीचा तो कट्टा मी या घरात आले तेव्हापासून तिथेच आहे. बंपर मधोमध चिरला होता आणि डावा कोपरा तुटून खाली पडला होता. तो मी उचलला.

"कचरा कशाला घरात आणतेस?"

मी तो फॉलच्या पिशवीत ठेवला.

जाऊबाई रविवारी येणार होत्या. गॅरेजवाला म्हणाला, नवा बंपर काळा येतो, रंगवून द्यायला आठवडा लागेल. मग तसल्याच पांढऱ्या गाडीचा जुना बंपर शोधायचं ठरलं. हे पदवीधर आहेत. गाडीच्या सुट्या भागांबद्दल चौथी शिकलेल्या बाईला काय विचारायचं? गेले एकटेच.

पहिला बंपर आणला त्याला खाली दोन गोल भोकं होती. तसल्या गाड्यांना तिथे धुक्याचे दिवे असतात. आमच्या गाडीला नव्हतेच.

"भोकांत काय पणत्या लावणार?" गॅरेजवाल्याने विचारलं. माझ्या मनात तेच आलं होतं, पण मी पदराआड हसून घेतलं.

दुसरा बंपर आकाराला बरोबर निघाला. पण गाडी होती सायीसारखी पांढरी आणि बंपर चुन्यासारखा. लांबून बघितलं तर गाडीने नवी कवळी बसवल्यासारखं दिसायचं.

"पांढरा म्हणजे पांढरा! त्यात काय बघायचंय?" हे म्हणाले.

ज्या माणसाला अंगातला सदरा धुतलेला की न धुतलेला हे सांगता येत नाही, तो मला पांढरा शिकवत होता. मी वीस वर्षं साड्यांना फॉल लावते. साडी घरी ठेवून मॅचिंगच्या दुकानात जाणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. हे दोनदा गेले, दोन्ही वेळा मोबाइलमधला फोटो घेऊन. तोसुद्धा संध्याकाळच्या उजेडात काढलेला.

शनिवारी मी पिशवी उचलली आणि यांच्या मागे स्कूटरवर बसले.

"तू येऊन काय करणार?"

"बसेन."

जुन्या सुट्या भागांचे दुकानदार पांढऱ्या दाढीचे होते, शांत बोलणारे. यांना बघून म्हणाले, "या साहेब. आज कोणता रंग नेऊन परत आणणार?"

हे फोटो दाखवू लागले. मी पिशवीतून कोपरा काढून टेबलावर ठेवला. दुकानदारांनी तो उलटासुलटा करून बघितला.

"अहो ताई, हा पहिल्या दिवशी का नाही पाठवलात?"

मी यांच्याकडे बघितलं. दुकानदारांनीही बघितलं. हे छताकडे बघत होते.

आतून तीन बंपर आले. तिन्हींच्या डाव्या अंगाला कोपरा लावून बघितला. एक जुळेना, तो बाजूला गेला. उरलेले दोन्ही ट्यूबखाली सारखेच दिसत होते. ट्यूबखाली सगळंच मॅच होतं.

"बाहेर उन्हात घ्या," मी म्हणाले. आवाज माझाच होता.

उन्हात ठेवले. बाटलीतल्या पाण्याने एकेक वीतभर पुसून घेतले आणि कोपरा टेकवला. दुसऱ्या बंपरवर कोपऱ्याची कड दिसेनाशी झाली.

"हा," मी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गॅरेजवाल्याने तो बसवला. हे गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले.

"बघ, आणला की नाही शोधून? उद्या तोंड उघडू नकोस. वहिनीला जन्मात कळणार नाही."

खरंच कळलं नसतं. तीच तर भीती होती. रंग इतका जुळला होता की माझा मोडलेला शब्दही त्याखाली झाकला गेला असता.

रविवारी जाऊबाई आल्या. मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "पुढचा बंपर बदललाय."

यांचा चहा घशातच अडकला.

जाऊबाई खाली गेल्या, वाकून बघितलं, नखाने रंग खरवडून बघितला. "कोणी फोडला ते विचारत नाही. शोधला कोणी?"

"मी."

"वहिनी, तो कट्टा..." यांनी सुरुवात केली. जाऊबाई गाडीत बसल्या आणि काच वर केली. माझ्याशीही बोलल्या नाहीत. तो महिना मला जड गेला.

परवा त्या पुन्हा नागपूरला निघाल्या. गाडी आमच्याकडेच लावली आणि किल्ली यांच्यासमोर माझ्या मुठीत दाबली.

"या वेळी डब्यात ठेवू नकोस."

ठेवलेली नाही. कुठे ठेवली आहे ते या वहीतही लिहिणार नाही. यांना वाचायची सवय नाही, पण न विचारता उघडायची आहे.